डाव्या कानाची चीर

४ जानेवारी

दत्तराव चोर आहे. आणि म्हणे ह्यांचा दोस्त! आज डोळ्यांनी पाहिलं. गंगाखेडला त्याच्या दुकानात, काचेच्या कपाटात आमचे घोडे! माणूस जन्मायच्या आधीच्या घोड्यांचे वीतभर पुतळे, एका पायाला तीन-तीन बोटं असलेले. ह्यांनी पुस्तकातली हाडं बघून मेणात कोरले, रबराचे साचे केले, रेझिन ओतून काढले. रंग द्यायचा नाही. घेणारे हौशी असतात, पुण्या-बंगळूरकडचे, रंग ते आपल्या हाताने देतात. खाली पाटी — ‘दत्तराव आर्ट’.

विचारलं तर म्हणतो, “वहिनी, साचे बिरदेवनंच दिले की मला.”

मेलेल्या माणसाची साक्ष काढतो. ह्यांच्या तेराव्याला पंगत बसली होती तेव्हा हा मागच्या खोलीतून पोतं घेऊन निघाला होता. मला वाटलं, उरलेल्या पत्रावळ्या नेतोय.

५ जानेवारी

झोप नाही. सोडणार नाही त्याला.

९ जानेवारी

त्याच्या दुकानातून एक घोडा मागवला. आपलाच, विकत! सासूबाईंना आता दिसत नाही. हातात दिला तर चाचपून म्हणाल्या, “घोडं हाय का करडू?” मग डाव्या कानावर बोट थांबलं. “आपलं हाय.”

आमच्या घरात मेंढीच्या डाव्या कानाला तिरपी चीर मारतात. दुसऱ्याच्या कळपात गेली तरी ओळखू येते. कुणाला देऊन टाकली तर उजव्या कानालाही मारायची — मग आपला हक्क संपला. हे प्रत्येक घोड्याला डावी चीर मारायचे. दत्तरावला काय ठाऊक? त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बैल. त्याला ती नक्षी वाटली असेल.

१७ जानेवारी

हे गेल्यापासून घोडे जमवणाऱ्यांच्या फोनवरच्या ग्रुपवर मी नुसती वाचत होते. आज लिहिलं. ह्यांच्या हातचा जुना घोडा आणि दत्तरावचा, दोघांच्या डाव्या कानांचे फोटो शेजारी शेजारी. मेंढीची खूण समजावून सांगितली. शेवटी लिहिलं — हा माणूस माझ्या नवऱ्याचं तेरावं जेवला आणि साचे घेऊन गेला.

पाठवून टाकलं.

१९ जानेवारी

त्याच्या ऑर्डरी रद्द व्हायल्यात. लोक त्याला काय काय बोलतात! मी एकेक दोनदा वाचते. आज चहा गोड लागला. ह्यांच्या फोटोला सगळं वाचून दाखवलं. सवय जात नाही. दोन कप केले होते.

२६ जानेवारी

दत्तराव आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, दाढी वाढलेली. पोतं खाली ठेवलं.

“घ्या तुमचे साचे. पाटी काढली म्या. पोरीच्या सोयरिकीला आलेले लोक बी विचारायलेत, चोरी केली का म्हणून.”

“केलीच की,” मी म्हणाले.

पाणी विचारलं नाही. तो वळला, मग थांबला. “ह्या साच्यांत एका कानात बुडबुडा धरतोय वहिनी. दर बारीला पुट्टी भरून घासावं लागतंय. ध्यानात ठेवा.”

मला शिकवतो! ह्यांच्या साच्यात बुडबुडा? स्वतःला ओतता येत नाही म्हणावं.

२८ जानेवारी

काल पहिला घोडा ओतला. आज साचा उघडला. बुडबुडा नव्हता. उजव्या कानाला तिरपी चीर होती, मेणातच सुरीने मारलेली, स्वच्छ. दुसरा साचा उघडला. त्यातही.

सासूबाईंनी दोन्ही कान चाचपले.

“ह्ये तर दिल्यालं हाय की गं. कुणाला दिलं बिरदेवनं?”