जाफरची खोली

रहिमतपूर, १९७९

जाफर लेकरा,

तू माझी भाड्याची खोली सोडून दोन वर्सं झाली. कोर्टात मी शपथेवर सांगितलं, "माझा आकाराम मिल्ट्रीतनं घरी येतोय, त्याला ही खोली पायजे." खरं तर मला ती पुतण्याच्या दुकानाला द्यायची हुती. आकाराम आता पुण्यातच ऱ्हाणार, गावाकडं येणार न्हाई, हे त्याचं पत्र कोर्टाच्या तारखेआधी महिनाभर तूच शिलाई मशीन थांबवून मला वाचून दाखवलं हुतंस.

जजसाहेबांनी तुला इचारलं, "बाई खरं बोलतात का?" तू माझ्याकडं बघितलंस आन् म्हणालास, "व्हय साहेब. मावशी खोटं कशाला बोलतील?" तुझ्या त्या बोलण्यावर मी खटला जिंकले.

तू गेल्यावर पत्रं वाचायला कोण न्हाई, म्हणून म्हातारपणी प्रौढवर्गात अक्षरं शिकले. परवा आकारामची जुनी पत्रं काढून बसले. दर पत्राच्या शेवटी तू वाचायचास, "आई, तुझी लय आठवण येते."

ती ओळ एकाबी पत्रात न्हाई रं.

हे पत्र त्याच गठ्ठ्यात ठेवते. तुला धाडायचं तोंड न्हाई मला.

तू जिला मावशी म्हणायचास ती,
बनुबाई