त्यांची चाल

उधना, सुरत
रविवार, १३ एप्रिल २०२५

ती. चंचलताई यांना,
दिपालीचा नमस्कार. आईंची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात, पण रोज फेरी घातल्यासारखं गल्लीच्या टोकाला जाऊन येतात. शिरपूरला उन्हं तापली असतील. इथे घामानेच जीव जातो.

फोनवर तुम्ही दोन शब्द बोलून "आईला दे" म्हणता, म्हणून लिहायला बसले. रागाने नाही लिहीत.

एक नवीन सांगायचं म्हणजे मी कॉम्प्युटरवर ॲनिमेशन शिकते आहे. साडीच्या डिझाईनच्या दुकानात मी आहे हे तुम्हाला माहीत आहेच. पल्लू, बॉर्डर बसवायचं काम. शेठ म्हणाले, "दिपालीबेन, हवे फोटो नथी चालता, नुसते फोटो आता चालत नाहीत. साडी नेसलेली बाई चालताना दिसली पाहिजे, तर व्यापारी माल उचलतो." म्हणून उधन्यातच एका क्लासला नाव घातलं. शिकवणारी प्रियांका माझ्याहून लहान आहे, मूळची परभणीकडची.

पहिल्या दिवशी तर मी रडकुंडीला आले. पडद्यावर नुसता एक ठोकळा. माऊसचं चाक फिरवलं की ठोकळा कुठल्या कुठे जायचा, कधी मीच त्याच्या आत शिरल्यासारखं व्हायचं. शेजारची कॉलेजची मुलं फटाफट पुढे जायची. मग चेंडू उडवायला शिकलो. त्यात गंमत अशी, की चेंडू वर कुठे आणि खाली कुठे एवढंच आपण सांगायचं. त्याला की-फ्रेम म्हणतात. मधलं सगळं कॉम्प्युटर स्वतः भरतो. पण भरतो अगदी सपाट. चेंडू जमिनीवर आपटल्यासारखा वाटतच नाही, तरंगतो. त्याला वजन आपण द्यायचं असतं. हे समजायलाच मला आठवडा लागला.

नंतर माणूस चालवायचा होता. प्रियांका म्हणाली, "मनाने चालवू नका. घरातल्या कुणाची तरी पाठ असलेली चाल घ्या."

ताई, मी कोणाची घेतली असेल हे तुम्हाला सांगायला नको.

आणि मला ती येईना. पाय टाकला, हात हलवला, मान खाली केली. पडद्यावरचा माणूस चालायचा, पण ते त्यात नव्हते. मोबाईलमध्ये शोधलं. सगळे व्हिडिओ त्यांनीच काढलेले. त्यात आई आहेत, मी आहे, तुमचं लग्नघर आहे, आणि मागून फक्त त्यांचा आवाज, "इकडे बघ ना." ते स्वतः कुठेच चालत नाहीत. चेहरा मला रोज दिसतो, भिंतीवर फोटो आहे. पण कारखान्यातून येताना गल्लीत ते कसे दिसायचे, ते मला आठवेना. त्या दिवशी मी जेवले नाही. आईंना सांगितलं, ॲसिडिटी झाली.

तुम्हाला माहीत नसेल, ते गेल्यापासून आई घरात त्यांचं नाव काढत नाहीत. मीही नाही. आम्ही दोघी भाजीचं बोलतो, पाण्याचं बोलतो.

आज दुपारी शेठचा लॅपटॉप घरी आणला होता. आई लसूण सोलत होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाऊ कोन शे?"

"कोणी नाही आई. असाच माणूस."

त्या बघत राहिल्या. मी त्याच्या हातात डबा दिला होता, त्यावरून ओळखलं असेल. म्हणाल्या, "भुप्या शे का?"

इतक्या दिवसांनी घरात त्यांचं नाव निघालं.

"तो असा नही चाले," आई म्हणाल्या. "त्याना डावा पाय बाहेर पडे. धाकला व्हता तवय गाडीवरथून पडना व्हता." मग लसणाचं ताट बाजूला सारून, भिंतीला हात लावून त्या उठल्या. पदर खोचला. "आते देख."

आणि आई खाटेपासून दारापर्यंत चालल्या, ताई. डावं पाऊल बाहेर टाकत, उजवा खांदा किंचित पुढे, डबा धरल्यासारखा एक हात अंगाशी. सत्तरीची बाई, दुखऱ्या गुडघ्यांची. पण दाराशी पोहोचेपर्यंत ते आले होते. मी खरंच उठून उभी राहिले, रोज राहायची तशी.

मी पुन्हा दाखवायला सांगितलं, "आखो दखाड, माय." मला अहिराणी नीट येत नाही म्हणून त्या नेहमी हसतात. आज हसल्या नाहीत. परत चालल्या. मग दारातच बसल्या आणि रडल्या. मीही रडले. मग चहा झाल्यावर त्यांनी तुमच्या दोघांच्या लहानपणाचं इतकं सांगितलं, की दिवा लावायचं राहून गेलं.

रात्री बसून मी चाल सुधारली, आता पडद्यावरचा माणूस बराचसा ते आहेत. आई त्याला "हळू रे" म्हणाल्या.

दहाव्याला तुम्ही म्हणालात, "तू तरुण आहेस, आज ना उद्या जाशील. आईला मी नेते." आई आल्या नाहीत, आणि तुम्ही नंतर इकडे पाय ठेवला नाही. तुम्ही चूक बोललात असं मी म्हणत नाही. पुढचं मला माहीत नाही. पण आज मी इथे आहे, आणि आई कुठे गेल्या तर त्यांच्याबरोबर ही चालही जाईल, याची मला भीती वाटते.

आखाजी जवळ आली. आई बोलत नाहीत, पण सांजोऱ्यांसाठी रवा आणून ठेवलाय. लेक माहेरी यायचा सण आहे. या.

अजून एक मागणं आहे. आता क्लासमध्ये माणूस धावायला शिकवणार आहेत. मी त्यांना धावताना कधी पाहिलंच नाही. माझ्या वाट्याला ते थकून घरी येतानाचेच आले. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ते चंचलले माहीत. तीच त्याना मांगे पये."

तुम्ही त्यांच्यामागे धावलात. मला दाखवायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

वाट बघते आहे.

तुमच्या भावाची,
दिपाली