न्हाणीघराखालची तुळई

नासेल, वॉशिंग्टन
२९ मार्च २००९

प्रिय लॉरी,

खुशाल असशील. तुझा पत्ता तुझ्या जुन्या घरमालकिणीकडून घेतला. तिला बोल लावू नकोस, मीच मागे लागलो होतो. तीन वर्षांतलं हे पहिलंच पत्र.

इकडे पाऊस नेहमीसारखा. नोव्हेंबरात लागला तो अजून पडतोय. नदी दोनदा कुरणात आली आणि परत गेली. तुमच्या याकिमात म्हणे छत्री विकतच मिळत नाही. डोंगराच्या पलीकडे एवढा फरक कसा पडतो कोण जाणे.

काम असं आहे. घरात वास येतोय, ओल्या गोणपाटासारखा. हेल्मी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन पुढच्या हिवाळ्यात इथे राहायला येणार आहे. बाप एकटा एवढ्या घरात काय करतो, असं तिचं म्हणणं. छोटीला सारखा खोकला असतो, तेव्हा घराखालची जागा, लाकडी जमिनीखालची ती दोन फुटांची पोकळी, कोरडी झाली पाहिजे. लाँगव्ह्यूहून एक जण बोलावला होता. घराखालच्या दारात त्याचं पोट अडकलं. त्यानं आतला अर्धाच भाग दिव्यानं बघितला आणि बुरशी आहे असं सांगून गेला. ते मला वासावरूनही कळलं होतं.

या खोऱ्यातल्या निम्म्या घरांखाली तू रांगला आहेस. मी माझ्याच घराखाली कधी गेलो नाही. कोणत्या ऋतूत काय करायचं ते लिहून पाठवशील तर मी करीन.

मेविसच्या थडग्यावर डॅफोडिल्स आले आहेत, हेल्मीनं आईसाठी लावलेले. बाकी ठीक.

आर्वो


नासेल
२० सप्टेंबर २००९

प्रिय लॉरी,

तुझं उत्तर मे महिन्यात पोचलं. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये चौदा सूचना. तिसऱ्या सूचनेत 'दादा' लिहून खोडलंयस, ते उजेडात धरल्यावर वाचता आलं. कागद फ्रिजच्या दारावर लावला आहे. हेल्मीनं विचारलं, हे काकाचं अक्षर ना? मी हो म्हटलं. ती भांडी घासायला गेली.

सांगितलंस तसं सगळं केलं. बाहेरच्या झरोक्यांपुढे नेचे माजले होते ते कापले, जाळ्या घासल्या, सगळे झरोके उघडले. उत्तरेच्या भिंतीशी आत तळं साचलं असेल असं तू लिहिलंस, होतं. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशीच पडत होतं. नळी जोडून ते दहा फूट लांब कुंपणाकडे सोडलं. जमिनीवरचं जुनं प्लास्टिक फाटून चिंध्या झालं होतं, ते ओढून काढलं. नवं अंथरलं, सांधे एकमेकांवर फूटभर चढवून चिकटवले. थंडी अडवणाऱ्या फायबरग्लासच्या गाद्या लोंबत होत्या, त्या पुन्हा तुळयांमध्ये बसवल्या. एका गादीत उंदराचं अख्खं बिऱ्हाड होतं. आणि कपडे वाळवायच्या यंत्राची नळी मधूनच निखळली होती. सगळी दमट हवा घराखालीच जायची. सूचना नंबर नऊ.

सदुसष्टाव्या वर्षी पोटावर सरपटणं काय असतं ते कळलं. पहिल्या दिवशी बाहेर आलो आणि पायरीवर अर्धा तास बसून राहिलो. तुझी कंबर कशी आहे? तू हे तीस वर्षं केलंस आणि आम्ही तुला गमतीनं घूस म्हणायचो.

आता वास गेला आहे. पानगळ झाली की पन्हळी साफ करीन, नोव्हेंबरात झरोके बंद करीन.

न्हाणीघराखालीही गेलो. तिथे निळ्या खडूनं काढलेला तुझा बाण आणि तुझं अक्षर अजून आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आर्वो


नासेल
१५ नोव्हेंबर २००९

लॉरी,

पुन्हा कधीतरी म्हणून ठेवलेलं आता लिहितो.

गेल्या रविवारी हेल्मी झरोके बंद करायला मदतीला आली. घर आता तिचं होणार, तेव्हा सगळं शिकून घ्यायचं होतं. मी म्हटलं, बाहेरून बंद होतात, आत जायची गरज नाही. ती म्हणाली, "बाबा, सूचना नंबर बारा. बंद करायच्या आधी आत जाऊन सगळं एकदा बघायचं." तिनं तुझा कागद पाठ केला होता. मी म्हटलं, अरुंद आहे, तुला जमायचं नाही. "लहानपणी काकाच्या मागे किती घरांखाली गेले आहे मी," म्हणाली आणि दिवा घेऊन शिरलीसुद्धा. मी तिच्या मागे गेलो.

तुला सगळं सांगायचं तर हेही सांगतो. सप्टेंबरपासून मी ओलं फडकं घेऊन दोनदा त्या खुणेपर्यंत गेलो होतो. एकदा बाणाचं टोक पुसलंही. पुढे हात गेला नाही. का गेला नाही ते मला सांगता येणार नाही. चांगुलपणा असं मी म्हणणार नाही.

न्हाणीघराची कुजलेली तुळई सुतारानं मेविस गेली त्याच हिवाळ्यात बदलली. पण तू लिहिलं होतंस शेजारच्या धड तुळईवर. हेल्मीनं दिवा धरला आणि मोठ्यानं वाचलं. "चौदा ऑक्टोबर. मऊ. पाऊस वाढायच्या आधी बदलणे. दादाला सांगितलं."

मग तिनं विचारलं, "कुठल्या वर्षीचा ऑक्टोबर?"

मी म्हटलं, "आई पडली त्याच्या आधीचा."

आम्ही दोघंही पालथे पडून होतो. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, बुटांचे तळवे दिसत होते. तिथेच तिला सांगितलं. तू बाहेर आलास, स्क्रू ड्रायव्हर तुळईत मुठीपर्यंत आत गेला म्हणालास, दादा, हे वसंतापर्यंत ठेवू नकोस म्हणालास. आणि मी तुला काय म्हणालो तेही सांगितलं. घुशीला सगळीकडे कुजलेलंच दिसतं, असं म्हणालो होतो. ते न्हाणीघर मी माझ्या हातांनी बांधलं होतं, लॉरी. जमीन ठोकायच्या आधी नळाचे सांधेही मीच जोडले होते. गळती माझ्याच सांध्यातून होती हे मला तुझ्याकडून ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शिकारीला गेलो. आलो तेव्हा पाऊस वाढला होता. म्हटलं, आता वसंतातच बघू.

जानेवारीत न्हाणीघराची जमीन मेविसच्या पायाखाली मोडून खचली. मांडीचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया, आणि तेविसाव्या दिवशी ती गेली. हे सगळं तुला माहीत आहे.

हॉस्पिटलातलं मात्र आपण दोघं कधी बोललो नाही. हेल्मीनं विचारलं, काकानं घराखाली बघितलं होतं ना? मी म्हटलं, बघितलं होतं, ठीक आहे म्हणाला. तू दारात कॉफीचे दोन पेले घेऊन उभा होतास. तू ऐकलंस. एक पेला माझ्याजवळ ठेवलास, दुसरा हेल्मीला दिलास आणि गेलास. मला वाटलं, तू उद्या येशील आणि मला खोटं पाडशील. तू आला नाहीस. परवाही नाही. मग लोकांमध्ये तेच खरं झालं. तुला कामाला बोलवायचे बंद झाले, आणि मी कोणाला थांबवलं नाही. एप्रिलमध्ये तू ट्रक भरून पूर्वेकडे गेलास तेव्हा मी खिडकीतून बघत होतो.

हेल्मी बाहेर आल्यावर बराच वेळ नळाखाली हात धूत होती. मग म्हणाली, "मी आईच्या दफनाच्या वेळी काकाला चर्चच्या दारातून परत पाठवलं. त्याच्या हातात टोपी होती. तो बरं म्हणाला आणि गेला. आणि तू माझ्या शेजारी उभा होतास."

मी हो म्हटलं.

"तू माझ्या शेजारी उभा होतास," ती पुन्हा म्हणाली. मी वेलची घातलेला गोड पाव भाजला होता, तिच्या आईच्या पद्धतीचा. तिनं हात लावला नाही. ती तशीच गाडीत बसून निघून गेली. राहायला येणार की नाही, ते मी विचारलेलं नाही.

आज सकाळी प्रार्थनेनंतर चर्चमधल्या कॉफीच्या वेळी मी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. नीट जमलं नाही, पण तुझं नाव घेऊन सांगितलं. पाद्रीबाईंनी माझा कप भरला, माझ्याकडे न बघता. मग खुर्च्या आवरायची वेळ झाली. पुढच्या आठवड्यापर्यंत खोरंभर झालेलं असेल. पूर्वीचं खोटं पसरायला दोन दिवस लागले होते, याला जरा जास्त लागतील.

परत ये असं मी म्हणणार नाही. तो हक्क माझा राहिलेला नाही. तिकडच्या कोरड्या हवेत तुझी कंबर बरी असेल तर तिथेच राहा.

काल हेल्मीचा फोन आला होता. तुझा पत्ता मागितला, तेवढंच बोलली. मी दिला. येत्या शनिवारी ती डोंगर ओलांडून तुझ्याकडे येते आहे. मी म्हटलं, तो कदाचित दार उघडणार नाही. म्हणाली, "मग मी पायरीवर बसेन."

ती विचारेल त्याचं खरं उत्तर दे. माझा भाऊ म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस. तीन वर्षं घेतलंस तेवढं पुरे.

तुला खोटं पाडणारा, तुझा थोरला भाऊ,
आर्वो