सात ते आठमधले डबे

भाऊ, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कारखान्यात तपासणीचा नमुना कधी काढायचा यावरून भांडण झालं की मी अजून तुमच्याशीच बोलते. आज परत झालं. शिकून आलेली नवी बाई म्हणाली, दर तासाला ठोक्यावर एक डबा काढा, सोपं पडतं. मी म्हटलं, "सोपं पडतं म्हणूनच काढायचा न्हाई." चौथी शिकलेली मी, पण या कामात मला कुणी शहाणपण शिकवू नये.

वारूळवाडीच्या शेडमध्ये तपासणीचे साहेब तुम्ही, तुम्हीच पहिल्यांदा माझ्या हातात नमुन्यांचं पत्रक दिलंत. पाळी सातला सुरू, पहिला नमुना आठला, मग दर तासाला. टोमॅटोच्या गराचा एक डबा उचलायचा, फोडायचा, रंग बघायचा, वास घ्यायचा, लिहायचं. एकदा दहाचा डबा मी सव्वादहाला उचलला तर सगळ्यांसमोर ओरडलात, "घड्याळ काय भिंतीला शोभेला लावलंय?" लई राग आला होता मला. कारण मी रोज बघत होते, ठोक्याला मी ताट घेऊन उठले की बायका टोप्या सारख्या करायच्या, मशीनवाला मशीन हळू करायचा. "आली गं वास घेणारी!" म्हणून एकमेकींना कोपर मारायच्या. पत्रकात सगळे डबे चांगले.

मग गिऱ्हाइकाकडून माल परत आला. आंबूस वास, आणि खराब निघाली ती रोजची पहिलीच खोकी. मालक तुमच्या टेबलापाशी उभा राहून म्हणतो, "टोमॅटो निवडणाऱ्या डिंभ्याच्या बायका काढून टाका." मी मध्येच तोंड घालते, "बायकांनी काय केलं? डिंभ्याची यष्टी साडेसातच्या आत कधी आलीय का? सातला दहाजणींचं काम चौघी करत्यात. सडका माल तसाच पुढं जातो. आठला मी डबा उचलते तवर सगळ्या आलेल्या असत्यात."

"तुला कुणी विचारलं?" मालक म्हणाला.

तुम्ही चष्मा काढलात. "मी विचारायला पाहिजे होतं. वेळापत्रक माझं, चूक माझी."

त्यानंतर गर भरणं यष्टी आल्यावर सुरू झालं. नमुना पहिल्याच डब्याचा. जेवणाची सुट्टी संपली की एक, मशीन बंद पडून चालू झालं की एक, बाकीचे मनाला येईल तेव्हा, कुणाला पत्ता न लागता. डिंभ्याच्या एकीचंही काम गेलं नाही. आज नव्या बाईलाही मी हेच लावून दिलं. तोंड वाकडं केलं तिनं, पण पहिला डबा काढला.

मालकासमोर तुम्ही चूक अंगावर घेतलीत तेव्हा मी खाली बघत उभी होते. हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, म्हणून लिहिते. माझी थोरली बहीण डिंभ्याला दिलेली, त्याच यष्टीनं यायची. सातनंतर कसले डबे जातात ते मला माल परत यायच्या महिनाभर आधीपासून ठाऊक होतं, पण सांगितलं तर तिचं काम जाईल. तुमचा आठचा ठोका मला बरा वाटत होता, भाऊ.