एकसष्टावं झाड

१२ मार्च
सकाळच्या गाडीने खांडबाऱ्याला उतरलो. बदलीचं दुःख नाही, उलट आनंदच. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण ओट्यावरून मोहाची झाडंच झाडं दिसतात. वनरक्षक हेमकांतने माझी पाचही पुस्तकं वाचली आहेत. झाडांविषयी इतकं प्रेमाने कोणी लिहीत नाही, म्हणाला. खोटं कशाला बोलू, सुखावलो. सहावं इथेच लिहिणार.

१७ मार्च
रस्ता रुंद करायला एकसष्ट झाडं तोडायची आहेत. छातीच्या उंचीवर तळहाताएवढी साल काढायची, हातोड्याने वनखात्याची छाप ठोकायची, वर लाल रंगात नंबर. शेवटचा मोह नानीबाईचा, तिच्या आजीपासून घरात चालत आलेला. हेमकांत चाचरत म्हणाला, "साहेब, आठे झाडले इचारनं पडस." इथे झाडाला विचारावं लागतं. म्हणजे मुळाशी मोहाची दारू शिंपडायची, परवानगी मागायची, एक दिवस थांबायचं. मला काय शिकवतोस, म्हटलं. चौथ्या पुस्तकात याच रीतीवर अख्खं प्रकरण आहे माझं. पण साठ झाडं उरकली होती, ऊन तापलं होतं. ठोकला हातोडा. कागदावर लिहिलं, कुटुंबाची संमती आहे.

नानीबाईने आरडाओरडा केला नाही. आधी झाडाच्या जखमेवर तळहात ठेवला, मग माझ्या छातीवर. तिचं बोलणं हेमकांतने समजावलं: झाडाला विचारलं नाहीस, तुलाही कोणी विचारणार नाही.

२० मार्च
छातीला खाज सुटली आहे. बनियन चिकट होतं, त्याला मोहफुलांचा गोड वास येतो. अंथरुणापर्यंत मुंग्यांची रांग. उन्हाळाच बाधला असणार.

२३ मार्च
आंघोळ करताना छातीची कातडी निघून आली. तळहाताएवढी. रक्ताचा थेंब नाही. नवापूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि हात धुतले, दोनदा.

२५ मार्च
जखमेत छाप उमटली आहे. खात्याचीच. हातोडा पेटीत आहे, किल्ली माझ्याजवळ. मी घाबरलो आहे. हेमकांत म्हणतो, नानीबाईकडे चला, झाडाची माफी मागा. साहेबाने सगळ्या गावादेखत झाडापुढे वाकायचं? उद्या बघू.

२७ मार्च
छातीवर लाल ६१. रॉकेलने घासलं, जात नाही. एकसष्टावं झाड यादीतून काढा म्हणून पत्र लिहिलं, दारूची बाटली घेतली आणि धावत गेलो —
झाड सकाळीच पडलं होतं. माझ्याच सहीने. नानीबाई बुंध्याशी बसलेली. बाटलीकडे बघितलंही नाही. हेमकांत खाली मान घालून म्हणाला, ती म्हणते, विचारायचं ते आधी.

२८ मार्च, सकाळ
उठवत नाही. पाय खाली टेकले ते टेकलेच — फरशीतून सुटत नाहीत —
फाटकाशी माणसं. कुऱ्हाडीला धार लावतायत. हेमकांतला हाका मारल्या —
दारूचा वास येऊ दे. निदान थेंबभर. देवा, त्यांना मला विचारू दे —
माणसं पायऱ्या चढली. दार — वास नाही. विचारायला कोणी