शेवटची फेरी

३ ऑक्टोबर
ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

गुडघ्याला तेल लावतेस, की नुसतीच बाटली जपतेस?

एक बातमी आहे. इतकी वर्षं सरोवराचं पाणी तपासायला आमच्या लाँचवर दोन्ही देशांचे केमिस्ट बसायचे. आमच्या बाटलीला तुमचे साहेब सील लावायचे, तुमच्या बाटलीला आमचे. न जाणो, कोणी पाण्यात पाणी मिसळलं तर! आता पाणी सुधारलंय. ज्याने त्याने आपल्या काठाचं तपासायचं आणि दुसऱ्याने ते मान्य करायचं, असं ठरलं. लाँच बंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन एकट्यापुरतं शिजवलं, तेही उरलं.

प्रवासी बोट कधीच बंद झाली आणि तुमच्या काठावर उतरायची मला मुभा नाही. शेवटच्या तरंगत्या बोयापाशी लाँच थांबते, तेवढीच काय ती आपली भेट. वीस तारखेला शेवटची फेरी आहे, पिवळी छत्री घेऊन धक्क्यावर ये. मी नेहमीसारखा भोंगा वाजवीन.

तुझाच,
धाकटा

११ ऑक्टोबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. ते तिसरे आपण होतो रे. भांडण मिटलं, चांगलंच झालं, पण मला मेलीला आनंद होत नाही. आमचे साहेब म्हणे तुला हसतात, त्या बोयापाशी तुझा नांगर दर वेळी कसा अडकतो म्हणून. या खेपेला जरा जास्त अडकव.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.
ताई

२१ ऑक्टोबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल भोंगा ऐन वेळी बिघडला. आम्ही बोयापाशी उभे, आणि तू भलतीकडेच तोंड करून एका कोळ्याच्या इंजिनाच्या होडीला छत्री हलवत होतीस, अगदी मन लावून. मी हाका मारल्या, पण वारा उलटा होता. तुमच्या साहेबांनी मान फिरवली आणि लावलेलंच सील पुन्हा तपासत बसले.

ताई, तुला दिसत नाही ना? कधीपासून?

धाकटा

३० ऑक्टोबर
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे शेजारीण लिहून देते आहे. मागचीही तिनेच लिहिली होती.

गेल्या उन्हाळ्यापासून सगळं धूसर झालंय. डॉक्टर म्हणतात, आता उशीर झाला. भोंगा वाजला की तिकडे छत्री हलवायची, एवढंच करत होते. तुला कळवलं असतं तर लाँच थेट धक्क्याला लावून नोकरी घालवून बसला असतास. तुझा काही नेम नाही.

त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही, म्हणून इंजिनाच्या आवाजाकडे वळले. तो कोळी भला माणूस असावा. जाताना ‘येतो गं ताई’ म्हणून ओरडला. मला वाटलं, तूच लाँच एवढी जवळ आणलीस. आवाज जरा बसका वाटला, तेव्हा मनात म्हटलं, हा गळ्याला काही गुंडाळत नाही. घरी आले ती खुशीतच. तुझं पत्र येईपर्यंत रोज पोटभर जेवले.

शेजारीण म्हणते, पत्र वाचून दाखवायलाच नको होतं. तिला रागावले. पण धाकट्या, तू तरी कशाला लिहिलंस रे?

गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. पत्र पाठवायला आळस नको.
ताई