चार महिन्यांचा आवाज

८ सप्टेंबर, सोम.

सकाळी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर गेले तर घंटागाडीतून मीच मला सांगत होते, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. मला सर्दी झाली होती तेव्हाचं रेकॉर्डिंग आहे ते. चार वर्षं झाली, अर्धं चंद्रपूर रोज माझी सर्दी ऐकतं. प्रमोदला सांगून थकले. नवऱ्याचा साउंड सर्व्हिसचा धंदा, त्यामुळे घरातला आवाजही साउंड सर्व्हिसचाच. म्हणतो, "चालून राह्यलं ना, मंग कायले हात लावाचा?"

गणपती बुडाले. भोंगे गॅलरीत उलटे पडलेत.

दुपारी वडशाहून, झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांच्या गावाहून, भगवानमास्तरांचा फोन. आधी ओळखलंच नाही. बाबा नाटकात ढोलकीवर असायचे तेव्हा हे ऑर्गनवर. त्यांच्या कंपनीची गाणारी बाई यंदा येत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तालीम, दिवाळीपासून झाडीत गावोगाव प्रयोग. निदान चार महिने. विचारलं, "शोभा, गळा आहे का गेला?"

म्हटलं, रोज घंटागाडीत असतो. ते हसले नाहीत. म्हणाले, बोलणं वेगळं, गाणं वेगळं, मी गाण्याचं विचारतो आहे.

मी लग्नाआधी दोन सीझन गायले. एकोणीस वर्षांपूर्वी. फोन ठेवला आणि भांडी घासताना हळू आवाजात सूर लावून बघितला. वर जाताना फाटतो. पण आहे.

११ सप्टें., गुरु.

सांगितलं. चहाच्या वेळी, दोघंही समोर असताना, म्हणजे दोनदा सांगायला नको.

बाई (सासूबाई) लाखोळीची डाळ निवडत होत्या. मान वर केली नाही. लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी बाबांना घरात बसवून विचारलं होतं, पोरगी नाटकातलं सोडणार ना? बाबा हो म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं. मीही बोलले नव्हते, ते मात्र माझंच.

प्र. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो हिशेबात शिरला. वाघ दिसला की सूचना. पाणी येणार नाही, सूचना. रक्तदान, साड्यांचा सेल, कुणी वारलं, सगळं त्याच दिवशी लागतं. लोकांना दुसरा आवाज चालत नाही. मागे एकदा घुग्घुसच्या एका मुलीकडून करून घेतलं तर लोक म्हणाले, ही कोण, खरं आहे का हे.

शेवटी म्हणाला, "जायचं असन तं जाय. पण आवाज इथी ठेवून जाय मंग."

चार महिन्यांच्या सूचना आधीच करून ठेवायच्या. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की त्यालाच संशय आला.

१४ सप्टें., रवि.

मधल्या खोलीत गाद्या उभ्या करून, पंखा बंद करून रेकॉर्डिंग. घामाच्या धारा. वाघ नाल्याजवळ, वाघ रेल्वेलाइनजवळ, वाघ वीज केंद्राच्या भिंतीशी, बिबट्या शाळेमागे. "नागरिकांनी संध्याकाळी सहानंतर घराबाहेर पडू नये." हे वाक्य आज एवढ्यांदा म्हटलं की जीभ आपोआप तिकडेच वळते.

मग निधन. इथे अडलं. बाकी सगळं आधी करता येतं, नाव कुठून आणायचं? प्र.कडे उत्तर तयार होतं. वहीचा कागद काढला. आमच्या आणि बाजूच्या वॉर्डातली म्हातारी माणसं, अठरा नावं. अंदाजाने काढलीत म्हणे. या अंदाजाला काय म्हणावं. पितृपक्ष चालू आहे आणि आम्ही जिवंत माणसांची यादी घेऊन बसलो.

पहिलं नाव डोमाजीभाऊंचं. आमच्या कॉलनीच्या भजन मंडळाचे प्रमुख, वय ब्याऐंशी, खंजिरी अशी वाजवतात की पोरांचे हात दुखतात. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की…" वाचून टाकलं. दुसरं, तिसरं. पाचव्यानंतर सोपं गेलं.

अकरावं नाव, श्रीमती गिरिजाबाई. आमच्या बाई.

प्र.कडे बघितलं. तो हेडफोन नीट करत होता. म्हणाला, तू नसशील तेव्हा मी कोणाकडे जाऊ? खरंच होतं त्याचं. बाई पलीकडे स्वयंपाकघरात होत्या, कुकरची शिट्टी झाली म्हणून एक टेक वाया गेला. दुसरा केला. आवाज जराही हलला नाही. आपण कसली बाई झालो आहोत, असं वाटून गेलं. लाज वाटली. थांबले मात्र नाही, पुढचं नाव वाचलं.

१८ सप्टें., गुरु.

लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

नाल्याजवळ पुन्हा वाघ दिसला. सूचना फिरवायला शब्बीरभाईंचा ऑटो निघाला. आजवर एका पेन ड्राइव्हमध्ये एकच सूचना असायची, तीच तीच वाजत राहायची. शब्बीरभाई ऑटो चौकात लावून चहाला जातात, सूचना वाजत असते, बारा वर्षांची पद्धत. पण प्र.ने यावेळी सगळा साठा एकाच पेन ड्राइव्हमध्ये भरून ठेवला होता. वाघ संपला की डोमाजीभाऊ सुरू.

अख्खा चौक ऐकत होता. माझ्या आवाजात. खोटं कोण म्हणेल?

डोमाजीभाऊ दळण आणायला चक्कीवर गेले होते. तोवर घरासमोर पन्नास माणसं. सुनेने अंग टाकलं. कुणीतरी बांबूही आणले, आपल्याकडे लोक या एका कामाला उशीर करत नाहीत. पिठाचा डबा खांद्यावर घेऊन भाऊ आले, गर्दी बघून डबा खाली ठेवला आणि विचारलं, "माह्या घरी कोण मेलं बाप्पा?"

शेजारणीने सांगितलं, भाऊ, तुम्हीच.

शब्बीरभाई घरी येऊन रडवेले होऊन म्हणाले, "भाभी, मी तं चाय प्यायले गेलतो, ते आपल्या मनानं पुढं गेलं." त्यांचा काय दोष. मी आणि प्र. भाऊंच्या पायाशी जाऊन बसलो. भाऊ सुनेला पाणी पाजत होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, उद्या ऑटो घेऊन या. पेन ड्राइव्ह नको, ही पाहिजे.

१९ सप्टें., शुक्र.

नऊ वाजता ऑटो. मागे मी आणि डोमाजीभाऊ, त्यांच्या मांडीवर खंजिरी, डोक्यावर धुतलेला फेटा. मी माइकवर: काल चुकून दिलेली सूचना रद्द समजावी, डोमाजीभाऊ हयात आहेत. भाऊ बाहेर हात काढून लोकांना दाखवत होते. पोरं ऑटोमागे पळत होती. हसू येत होतं आणि तोंड लपवावंसंही वाटत होतं.

दुसऱ्या चौकात भाऊंनी माइक माझ्या हातून घेतला, बंद केला. म्हणाले, "नुसतं सांगून लोकाईले पटत नाई. तुह्यावर भरोसा होता, तोच गेला. मी वाजवतो, तू गाय. मेलेला माणूस खंजिरी वाजवते का?"

म्हटलं, भाऊ, रस्त्यावर? बाई ऐकतील.

"ऐकू दे ना. काल माहं मरण ऐकलं तिनं."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मंडळाचं नेहमीचं भजन, मागे बसून कोरसमध्ये म्हणते ते. पहिली ओळ घशातच राहिली. दुसरी निघाली. वर जाताना जिथे फाटत होता तिथे फाटला, आणि मग पलीकडे गेला. बाबांच्या वेळचा आवाज नव्हता, जाडा झालाय, पण माझा होता, घंटागाडीतला नव्हता. लोक दारात आले. कुणी डबा घेऊन नाही, नुसतेच आले. मला इतका आनंद झाला की शब्बीरभाईंनी ऑटो थांबवलेला कळलंच नाही.

घरी आले. बाईंनी ताट वाढून ठेवलं होतं.

रात्रीच्या आत मास्तरांना कळवलं, येते.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री.

नाही लिहायचं म्हणत होते. पण आजचा दिवस सोडवत नाही.

यादीची गोष्ट फुटली. कशी, विचारायला नको, प्र.ला पोटात काही राहत नाही. सकाळपासून म्हातारी माणसं दारात. माझं नाव आहे का त्यात? असेल तर काढून टाका. प्र. कॉम्प्युटरसमोर बसून एकेकासमोर पुसत होता, पुसलं हे दाखवत होता. एक काका चष्मा विसरले म्हणून परत जाऊन घेऊन आले.

मागच्या गल्लीतल्या सखूबाई आल्या. त्यांचं नाव नव्हतं. वाटलं खूश होतील. त्या पायरीवर बसल्याच. "मले काऊन नाई घेतलं? मी काय तुमची कोणी नाई?" चहा पाजून, समजूत काढून पाठवलं.

पोळ्या, वडे, पान वाढणं, सगळं त्यातच. दुपारी सगळे गेल्यावर बाईंनी प्र.ला विचारलं, "अन् माहं?"

प्र.ने कॉम्प्युटर बंद केला. बाई उठल्या आणि उष्टी काढायला लागल्या.

२५ सप्टें., गुरु.

चार दिवस बाई माझ्याशी बोलत नाहीत. भांडणही नाही. भाजी चिरून देतात, मी फोडणी देते. नवरात्राचा दिवा त्याच लावतात. मी बाजूला उभी असते.

बॅगेत दोन साड्या टाकल्या होत्या. काढल्या. परत टाकल्या.

प्र.ने स्वतःच्या आवाजात वाघाची सूचना केली. ऐकून वाघ आला की पोस्टमन, कळत नाही. त्यालाही ते कळलं. म्हणाला, तू गेली तर हे सगळं बसेल. मग म्हणाला, असंच म्हटलं, तू जाय. त्याच्या प्रत्येक 'जाय'च्या मागे असं काहीतरी उभं असतं. मी घराचा राग करू की स्वतःचा, समजत नाही. कोंडल्यासारखं होतं. दार उघडंच आहे, कुणी अडवलेलं नाही, म्हणून आणखी.

२७ सप्टें., शनि.

प्र. नवरात्राच्या मंडपात साउंड लावायला गेला होता. बाई मधल्या खोलीत आल्या, गादीच्या कडेला बसल्या. "लाव ते."

काय, असं मी उगाच विचारलं.

"माहं. लाव."

लावलं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की. श्रीमती गिरिजाबाई. वृद्धापकाळाने. राहत्या घरून. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, अजून एकदा. मी पाया पडले, बाई, नको. पुन्हा लावावंच लागलं.

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. म्हणाल्या, "साफ वाचलं. सखूबाईचं वाचलं असतं तसंच."

मी रडले. माफी मागितली. आवाज का हलला नाही ते सांगायला गेले, सांगता आलं नाही.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी ऑटोवर गायली ते ऐकलं मी. फाटकाशी उभी होती. तुले गायले नाई म्हटलं, ते मी पाप केलं का, मले माहीत नाई. जाय तू वडशाले." मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून, "पण ते पूस. माहा निरोप मशीननं द्याचा नाई. तूच देजो. कुठी बी असली तं येजो अन् आपल्या तोंडानं बोलजो. अन् तवा आवाज हलला पाह्यजे."

पुसलं. त्यांच्यासमोर.

रडू थांबल्यावर लक्षात आलं, काय मागितलं त्यांनी. आता त्यांच्या प्रत्येक खोकल्याला मी कान लावणार. गडचिरोलीच्या कुठल्या गावात तोंडाला रंग लावून उभी असेन, फोन लागेल न लागेल. यापेक्षा नको जाऊ म्हणाल्या असत्या तर.

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा.

सोनं वाटलं. डोमाजीभाऊंनी पानं हातात दिली आणि म्हणाले, तिकडून आली की नवीन चाली आण, आमच्या त्याच त्या झाल्या.

बॅग भरली. चार साड्या, बाबांची गाण्यांची वही, हळदीचा डबा. प्र.ने स्वतः चेन लावली, नीट लागत नव्हती, मेणबत्ती घासली. वडशाची बस उद्या दोनला. मास्तरांना वेळ कळवली. बाईंनी वाटेत खायला अनरसे केले. हे मात्र अपेक्षित नव्हतं.

झोपताना सूर लावला, उशीत तोंड घालून. आज फाटला नाही.

३ ऑक्टो., शुक्र.

सकाळी घंटागाडी आली. मी, सर्दी झालेली. डबा बाई घेऊन गेल्या, रोज मी नेते.

परत येऊन पायरीवर बसल्या त्या बसल्याच. विचारलं तर म्हणाल्या, "काई नाई. जराशीक छातीत धरल्यावानी वाटून राह्यलं. तू आपली जाय."

चेहरा बघितला. घाम आहे, पण आज उकडतंयही. मागे प्र. मुंबईला कामाला जाणार होता त्या दिवशीही त्यांच्या छातीत धरलं होतं. तेव्हा काही निघालं नव्हतं. म्हणजे आजही निघणार नाही, असं कोण सांगेल? मनात हा विचार आला म्हणून माझा मलाच राग आला, आणि तो विचार काही गेला नाही.

प्र. ऑटो बघायला गेलाय, शब्बीरभाई फोन उचलत नाहीत. बाईंनी माझा हात धरून ठेवलाय, लिहिते आहे ते उजव्या हाताने. बॅग दारात आहे. डॉक्टर अकराला बसतात. बस दोनला.